शेलच्या कोअरमधला गोल : जीवाश्म, बुरशी की फ्लोराइड?

तक्रार साधारण अशी असते. प्रोटेरोझोइक (सुमारे अडीच अब्ज ते 54 कोटी वर्षांपूर्वीच्या) शेलचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाचा, कोअर (ड्रिलने काढलेला दंडगोल) हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवला, रेसिड्यू, म्हणजे उरलेला गाळ, स्लाइडवर घेतला, तर 30-40 तपकिरी गोल आणि थोडे धागे दिसले. त्याच बोअरमधला दोन मीटर खालचा नमुना केला, तर गोल गायब आणि धागे दुप्पट. तिसऱ्या नमुन्यात स्लाइडभर चमकणारे स्फटिक. मग सूक्ष्मदर्शक बदलून पाहिला जातो, अॅटलास उलटले जातात, जातीच्या नावांवर वाद होतो. मूळ बिघाड बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाच्या अलीकडेच झालेला असतो: कोअर-बॉक्समध्ये, ड्रिलिंगच्या चिखलात किंवा आम्लं घालण्याच्या क्रमात.

सेंद्रिय भिंतीचे सूक्ष्मजीवाश्म आम्लातून तगतात, कारण त्यांची भिंत कार्बनी बहुवारिकांची असते आणि आम्ल सिलिकेट खातं, कार्बन नाही. पण आजचे परागकण, बुरशीचं कायटिन, लिग्नाइटचा चुरा, कापसाचा तंतू हेही त्याच आम्लातून कमीअधिक शाबूत बाहेर येतात. आम्ल फक्त खडक काढून टाकतं. उरलेल्यातलं आपलं कोणतं आणि परकं कोणतं हे ते सांगत नाही. म्हणून ‘ही कोणती जात?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न एकच: ही वस्तू या खडकाची आहे का?

हा प्रश्न किती मोठ्या माणसांना चकवू शकतो याचं उदाहरण आपल्या उपखंडातलंच आहे. 1940 च्या दशकात पंजाबातल्या सॉल्ट रेंजमधल्या मिठाच्या थरांतून बिरबल साहनी यांना सपुष्प वनस्पतींच्या लाकडाचे सूक्ष्म तुकडे आणि कीटकांचे अवशेष मिळाले. त्यावरून त्यांनी ते थर इओसीन (सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातले ठरवले. ई. आर. गी यांच्यासारखे क्षेत्रभूवैज्ञानिक थरांच्या क्रमावरून ते कॅम्ब्रियन (50 कोटी वर्षांच्या आसपासचे) किंवा त्याच्या आसपासचे म्हणत होते, आणि शेवटी तेच टिकलं. साहनींसारख्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञाची तुकड्यांची ओळख चुकण्याची शक्यता कमीच. पण तुकडे त्या मिठाच्या वयाचे नव्हते.

नमुन्यागणिक गोल-धागे बदलतात

खडकातली विविधता हे याचं एक कारण असू शकतं, पण आधी बाहेरून आलेली घाण वगळा.

पहिली तपासणी: हातात आहे तो कोअर आहे की कटिंग्ज (ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर वर आलेला चुरा)? कटिंग्जमध्ये वरच्या तरुण थरांचे तुकडे कोसळून मिसळलेले असतात. त्यातून एखादी प्रोटेरोझोइक ओळख जाहीर करू नये, एवढंच त्याबद्दल पुरे.

कोअर असेल तर ड्रिलिंगच्या चिखलात काय घातलं होतं हे बोअरच्या नोंदींतून शोधा. बेंटोनाइटबरोबर लिग्नाइट, लिग्नोसल्फोनेट, ग्वार गम, गळती थांबवायला अक्रोडाच्या कवचाचा भुगा, अभ्रक असं काहीही वापरलेलं असतं. सगळ्यांत फसवं लिग्नाइट. त्यात टर्शरी काळातले परागकण असतात आणि ते खरोखरच जीवाश्म असतात: चपटे झालेले, पिवळे-तपकिरी, जुने दिसणारे. फक्त ते आपल्या खडकाचे नसतात.

छाटणी अशी करा. डायमंड सॉने कोअरचा बाहेरचा किमान 1 सेंमी थर काढा. खडक सच्छिद्र असेल तर 2 सेंमी. भेग, कॅल्साइटची शीर किंवा गंजाची रेषा असलेला तुकडा बाद, कारण बुरशी आणि मुळं नेमकी तिथूनच शिरतात. सॉला थंड ठेवायला पुन्हा-पुन्हा फिरवलेलं पाणी वापरलं तर मागच्या नमुन्याचा गाळ या नमुन्याला लागतो. साधं वाहतं पाणी घ्या. छाटलेला तुकडा ब्रशने घासा, 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं बुडवून पृष्ठभाग कोरून घ्या, डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि झाकून वाळवा. पंख्याखाली उघडं वाळवणं म्हणजे हवेतले परागकण आमंत्रण देऊन बोलावणं.

दर खेपेला एक ब्लँक, म्हणजे जीवाश्म नसलेला कोरा नमुना, चालवा. क्वार्ट्झची वाळू 550 अंश सेल्सिअसला चार तास भाजली की तिच्यातलं सेंद्रिय जळून जातं. ही वाळू नमुन्याइतक्याच वजनाची घेऊन, त्याच आम्लांतून, त्याच चाळणीतून, त्याच दिवशी न्यायची. ब्लँकच्या स्लाइडवर जे दिसेल ते तुमच्या प्रयोगशाळेचं. या एका सवयीने निम्मे वाद मिटतात, आणि नेमकी हीच पायरी वेळ वाचवायला गाळली जाते. 2012 साली ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात अगाउरन इन्स्टिट्यूटच्या पाठबळावर जो कोअर काढला, त्यात दूषण टाळण्यासाठी ड्रिलिंगपासूनच काळजी घेतली होती. 2015 मध्ये त्याचे निकाल आले, तेव्हा आधीच्या कोअरमधले सुमारे 2.7 अब्ज वर्षांपूर्वीचे म्हणून गाजलेले स्टेरेन रेणू (प्राचीन जीवांची रासायनिक खूण) दूषणाचे असल्याचं स्पष्ट झालं. ते रेणूंचं प्रकरण होतं, आपलं आकारांचं आहे, धडा तोच.

परकं कसं ओळखायचं

रंगापासून सुरुवात करा, पण रंगावर थांबू नका. खडक तापत जातो तशी सेंद्रिय भिंत फिकट पिवळी, मग नारिंगी, तपकिरी, शेवटी काळी होते. एका कोअरच्या एका खोलीवरचे सगळे खरे जीवाश्म एकाच तापमानातून गेलेले असतात, म्हणून त्यांचे रंग एका कुटुंबातले हवेत. गडद तपकिरी पुट्यांच्या (पोकळ, गोल जीवाश्मांच्या) शेजारी एक पारदर्शक, फिकट पिवळा, टम्म फुगलेला गोल दिसला तर तो पाहुणा आहे. मात्र तुलना सारख्या जाडीच्या भिंतींची करा. पातळ भिंत त्याच खडकातही फिकटच दिसते आणि घडी पडली तिथे दुप्पट गडद. नायट्रिक आम्लाने ऑक्सिडीकरण केलं असेल तर रंगाचा पुरावाच पुसला जातो, तेव्हा त्याआधीची एक स्लाइड नेहमी वेगळी ठेवा.

उलटी फसगतही होते. अनेक बुरश्यांचे बीजाणू मेलॅनिनमुळे जन्मतःच गडद तपकिरी असतात. अल्टरनेरियाच्या बीजाणूत आडवे आणि उभे दोन्ही पडदे असतात. कर्व्ह्युलारियाचा बीजाणू वाकडा, मधली पेशी फुगलेली. रंगावर विसंबलात तर हे दोघे अब्ज वर्षांचे ठरतील.

त्यानंतर क्रॉस्ड पोलराइज्ड प्रकाशात पाहा. ही दोन मिनिटांची तपासणी आहे. सेल्युलोज उजळतं, केरोजेनची (खडकातल्या जुन्या सेंद्रिय द्रव्याची) पुटी अंधारातच राहते. कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा चमकतो. 5 ते 25 मायक्रॉनचे, थोडे कोनदार, मध्यभागी काळी फुली दाखवणारे कण म्हणजे मक्याचा स्टार्च. तो पावडर लावलेल्या हातमोज्यांतून येतो. पावडर नसलेले नायट्राइल मोजे वापरा, प्रश्न मिटतो.

फ्लुओरेसन्सची सोय असेल तर निळ्या किंवा अतिनील प्रकाशात आजचे पराग आणि तंतू झगझगीत दिसतात. गडद तपकिरी झालेली प्रोटेरोझोइक भिंत जवळजवळ दिसतच नाही. खडक फारसा तापलेला नसेल, तर मात्र खरी पुटीही पिवळी-नारिंगी चमकू शकते. सॅफ्रॅनिनचा रंगही असाच उपयोगी: ताजं सेंद्रिय तो पटकन ओढून घेतं, जुनी पक्व भिंत बहुधा दाद देत नाही. बुरशीचा संशय असेल तर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हा बुरशी रंगवणारा रंग वापरा.

धाग्यांबाबत घोळ सर्वाधिक होतो. सायफोनोफायकससारखं (धाग्याच्या आकाराच्या जीवाश्माचं) आवरण गुळगुळीत, पडदे नसलेलं, साधारणपणे फांद्या नसलेलं, सगळीकडे सारख्या रुंदीचं आणि चपटं असतं. दुमडतं आणि तुटतं तेव्हा कडा कोनदार होतात. बुरशीच्या धाग्याला बहुधा पडदे असतात, फांद्या फुटतात, आणि छेद अजून गोल असतो, म्हणजे फोकस वर-खाली केला की नळी नळीच राहते. धागा इतर खनिजकणांना वेटोळे घालून वरून गेला असेल तर तो रेसिड्यूमध्ये नंतर वाढलेला आहे. पाण्यात आठवडाभर ठेवलेल्या रेसिड्यूत हे हटकून होतं; साठवताना थेंबभर फिनॉल घाला.

स्लाइडभर चमकणारे स्फटिक

हा गुन्हा क्रमाचा. कॅल्शियम शिल्लक असताना हायड्रोफ्लुओरिक आम्ल घातलं की कॅल्शियम फ्लोराइड बसतं. ते बारीक, रंगहीन आणि कधीकधी गोलसर असतं, सेंद्रिय धुळीत लडबडलं की हुबेहूब पुटी वाटतं. शिवाय वेळेवर न धुतल्यास अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त फ्लोराइडही साकळतात.

बरोबर क्रम: 20 ते 30 ग्रॅम शेल, 3 ते 5 मिमीचे तुकडे. खलात पूड करू नका. 100 मायक्रॉनची पुटी पूड झाल्यावर सापडणार नाही. 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं-थोडं घाला, फसफसणं थांबल्यावर ताजं आम्ल घालून रात्रभर ठेवा. डोलोमाइट थंड आम्लात आळशी असतो, त्याला कोमट करावं लागतं. मग डिस्टिल्ड पाण्याने उदासीन होईपर्यंत धुवा. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम पुन्हा तोच घोळ घालतं. त्यानंतर 40 टक्के हायड्रोफ्लुओरिक आम्ल, नमुन्याच्या आकारमानाच्या सुमारे दहापट, पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात, 48 ते 72 तास. दिवसातून एकदा भांडं हलकेच फिरवायचं, ढवळायचं नाही. शेवटी पाणी घालण्याऐवजी आधी कोमट तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची एक धुलाई द्या. फ्लोराइड विरघळलेले असतानाच ते निघून जातात. तरीही स्फटिक राहिले तर बोरिक आम्लाच्या संपृक्त द्रावणात रात्रभर ठेवून पाहा.

या आम्लाबद्दल एक गोष्ट ठळक लिहिलीच पाहिजे. ते त्वचेवर सांडलं तर वेदना काही वेळा तासांनंतर सुरू होतात, तोवर फ्लोराइड आत शिरून रक्तातलं कॅल्शियम ओढत असतं, आणि हृदय बंद पडू शकतं. चालू फ्यूम हूड, जाड निओप्रीन हातमोजे, चेहरा झाकणारी ढाल आणि हाताशी 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर बाटली उघडू नये. एकट्याने काम करू नये. सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुऊन जेल चोळत रुग्णालय गाठायचं, दुखण्याची वाट पाहायची नाही. वापरलेलं आम्ल चुनखडीच्या पुडीने शमवल्याखेरीज सिंकमध्ये ओतायचं नाही.

पुट्या मोजक्याच, त्याही फाटक्या

बहुतेक वेळा हे घाईचं फळ. पाणी ओतून टाकताना पुट्याही ओतल्या जातात. साधा हिशेब करा: 1.3 घनतेचा 10 मायक्रॉनचा गोल कण 10 सेंमी पाण्यातून खाली बसायला पावणेदोन तास घेतो. 5 मायक्रॉनचा कण त्याच्या चौपट, म्हणजे सात तास. चपट्या पुट्या आणि धागे याहून सावकाश. तेव्हा दोन धुलायांमध्ये रात्र जाऊ द्या. सेंट्रिफ्यूजने वेळ वाचतो, पण मोठ्या, पातळ भिंतीच्या पुट्या तळाशी चेपून फाटतात. अल्ट्रासॉनिक टबमध्येही तेच. द्यायचंच असेल तर काही सेकंद.

10 मायक्रॉनच्या नायलॉन जाळीवरून रेसिड्यू गाळताना खाली गेलेलं पाणी फेकू नका. 2-4 मायक्रॉनचे धागे त्यातच असतात. जड द्रवाने वेगळं करायचं तर घनता 2.0 पुरे. सोडियम पॉलिटंगस्टेट सुरक्षित आहे, पण कॅल्शियमच्या संपर्कात त्याचा पांढरा साका होतो. झिंक क्लोराइड स्वस्त आहे, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब न टाकल्यास तेही गढुळतं. पायराइट चिकटलेल्या पुट्या मात्र जड होऊन खनिजांबरोबर बुडतात, म्हणून बुडालेल्या भागाचीही एक स्लाइड बघावी.

नक्षी, काटे आणि ‘केंद्रक’

वस्तू खडकाची आहे हे पटलं की मग आकाराकडे. इथे अतिउत्साह नडतो.

भिंतीवर बहुकोनी जाळी दिसली की शिल्पांकित जात सापडल्यासारखं वाटतं. बरेचदा ते पायराइटच्या स्फटिकांचे ठसे असतात. खऱ्या नक्षीचे घटक ठरावीक मापाचे असतात, सगळ्या भिंतीवर एकसारखे पसरतात आणि घडीबरोबर दुमडतात. पायराइटचे खड्डे एका पुटीत 1 मायक्रॉनचे, शेजारी 6 मायक्रॉनचे, कडा सरळ, कुठे गर्दी कुठे काहीच नाही, आणि घडीची पर्वा न करता आरपार.

काट्यांचं तसंच. टॅपानिया प्लॅना ही चीनच्या रुयांग गटातून आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या रोपर गटातून प्रसिद्ध झालेली जात; रोपरमधले नमुने सुमारे 1.5 अब्ज वर्षांचे, आणि भारतातूनही तिच्या नोंदी आहेत. तिचे प्रवर्ध, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले काटे, पोकळ नळ्या असतात, पुटीच्या पोकळीशी जोडलेल्या, टोकाला बोथट, मांडणी असमान, काही फाटे फुटलेले. फाटलेल्या लायोस्फेरीडियाच्या (गुळगुळीत गोल पुटीच्या) कडेची लोंबती चिंधी पहिल्या नजरेला तशीच दिसते. 100 पट वस्तुभिंगाखाली फोकस हळूहळू सरकवा: प्रवर्धाला दोन समांतर भिंती आणि मध्ये पोकळी दिसते का? चिंधीला एकच थर असतो आणि टोक धारदार. एकाच पुटीवरून नाव देऊ नये, असं आमचं मत. त्याच खोलीतून अशा चार-पाच मिळाल्या तर बोलावं.

पुटीच्या आतला काळा ठिपका केंद्रक नव्हे. पेशीतलं द्रव्य मेल्यावर आक्रसून गोळा होतं. ठिपक्याचं माप प्रत्येक पुटीत वेगळं येतं, यावरूनच ते कळतं.

गुळगुळीत गोलांची नावं मापांवर चालतात. लायोस्फेरीडियात 70 मायक्रॉनच्या खाली पातळ भिंत असेल तर मिनुटिसिमा, जाड असेल तर क्रासा. 70 च्या वर पातळ तर टेन्युइसिमा, जाड तर जाकुटिका. सायफोनोफायकसमध्ये 1-2 मायक्रॉन सेप्टॅटम, 2-4 रोबस्टम, 4-8 टिपिकम, 8-16 केस्ट्रॉन, 16-32 सॉलिडम. ही सीमा आपण आखलेली आहे, जीवांनी नव्हे. म्हणून यादीत ‘मिनुटिसिमा 40, टेन्युइसिमा 6’ असं लिहून थांबू नका. सगळ्या पुट्यांचे मोठे आणि त्याला काटकोनातले व्यास मोजून आलेख काढा. आलेखाला एकच उंचवटा असेल तर बहुधा एकाच लोकसंख्येचे तुम्ही दोन तुकडे केले आहेत.

खात्रीचा छेद

दावा मोठा असेल, तर रेसिड्यूवर भागत नाही. त्याच कोअरच्या छाटलेल्या तुकड्याचा थरांना समांतर छेद काढा, जाडी नेहमीच्या 30 ऐवजी 50 ते 100 मायक्रॉन ठेवा. थरांना लंब छेदात चपटी पुटी नुसती काळी रेघ दिसते. ती शोधत बसण्यात लोकांचे आठवडे जातात. समांतर छेदात तीच पुटी मातीच्या कणांत रुतलेली, कडेला खनिज घुसलेली दिसली तर ती खडकाचीच. शक्य असल्यास त्याच ठिकाणी रामन वर्णपट (लेसरने कार्बनची रचना ओळखणारी तपासणी) घ्या. 1350 आणि 1600 प्रति सेंमीच्या आसपासचे डी आणि जी पट्टे पुटीत आणि शेजारच्या विखुरलेल्या केरोजेनमध्ये सारखे यायला हवेत. पट्ट्यांऐवजी फ्लुओरेसन्सचा डोंगरच आला तर वस्तू ताजी आहे. जागेची नोंद इंग्लंड फाइंडरने (स्लाइडवरचं स्थान सांगणाऱ्या खुणांच्या पट्टीने) करा. ‘स्लाइडच्या डाव्या कोपऱ्यात’ म्हणून ठेवलेली पुटी दुसऱ्या माणसाला कधीच सापडत नाही.

सगळंच काळं

कधी रेसिड्यू म्हणजे नुसती काळी, अपारदर्शक पूड असते. मॅसरेशन, म्हणजे आम्लात विरघळवणं, पुन्हा करून उपयोग नाही. कोअरच्या नोंदीत जवळपास डोलेराइटची (शिलारसाच्या खडकाची) शिरा किंवा थरांमधली आडवी पट्टी (सिल) आहे का ते पाहा; तिच्या जाडीच्या दीड-दोन पट अंतरापर्यंतचा शेल भाजून निघालेला असतो, त्यापलीकडचे नमुने घ्या. सगळाच कोअर तसा असेल तर सौम्य ऑक्सिडीकरणाने थोडा रंग उतरतो, पण भिंतही झिजते. त्यापेक्षा परावर्तित प्रकाश आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बरे.

पुढच्या खेपेला नमुना निवडतानाच विचार करा. हिरवट-राखाडी, बारीक गाळाच्या रेषा असलेला शेल घ्या. कोळशासारख्या काळ्या शेलमध्ये आकारहीन सेंद्रिय द्रव्यच फार असतं आणि पुट्या त्यात हरवतात. लालसर शेलमध्ये ऑक्सिजनने सगळं आधीच संपवलेलं असतं. महाराष्ट्रात असा खडक शोधायचा तर यवतमाळ-चंद्रपूरकडच्या पैनगंगा गटातले चुनखडी-शेल आहेत. दख्खनच्या बेसाल्टखाली गाळाचे खडक असतीलच असं गृहीत धरू नका: कोयना परिसरातल्या खोल बोअरमध्ये बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटच लागला, आणि ग्रॅनाइटच्या कोअरमधून निघालेला कोणताही गोल ब्लँकच्या स्लाइडशी ताडून पाहायचा.